रेन-ल-शातोचे गुप्तधन आणि पवित्र भूमिती : अनुबोधपटांतील पुराव्याची एक तपासणी

इतिहासाचे साधन म्हणून अनुबोधपटाची योग्यता किती, हा प्रश्न पदव्युत्तर वर्गांत अनेकदा निघतो आणि बहुधा अर्ध्यावर सोडून दिला जातो. एक पक्ष अनुबोधपटास करमणुकीच्या खात्यात टाकून मोकळा होतो. दुसरा पक्ष, पडद्यावर प्रत्यक्ष वास्तू, दस्तऐवज आणि तज्ज्ञ दिसतात एवढ्यावरून, त्यास ग्रंथाच्या बरोबरीचे मानतो. दोन्ही पक्षांत अनुबोधपट पुरावा कसा मांडतो याचे निरीक्षण राहून जाते. प्रस्तुत लेखात हे निरीक्षण एका प्रसिद्ध उदाहरणापुरते करावयाचे आहे. हे उदाहरण म्हणजे फ्रान्सच्या दक्षिणेकडील रेन-ल-शातो या खेड्यासंबंधी बी. बी. सी.ने १९७२, १९७४ व १९७९ या साली प्रक्षेपित केलेले तीन अनुबोधपट होत. तिन्हींचे लेखक व निवेदक हेन्री लिंकन हे होते. गुप्तधनापासून आरंभ झालेली ही शोधयात्रा अखेर डोंगरांच्या मांडणीत पंचकोन पाहू लागली. या स्थित्यंतरातच आपल्या प्रश्नाचे मर्म आहे.

प्रथम मूळ हकीकत. रेन-ल-शातो हे ओद प्रांतातील, कार्कासॉन नगराच्या दक्षिणेस डोंगरमाथ्यावर वसलेले एक लहानसे गाव आहे. १८८५ साली बेरांजे सोनिएर नावाचा तेहतीस वर्षांचा पाद्री तेथे नेमणुकीवर आला. गावातील मेरी मॅग्डालेनचे चर्च त्या वेळी मोडकळीस आलेले होते. सोनिएरने त्याची दुरुस्ती आरंभिली आणि पुढे वीस-पंचवीस वर्षांत केवळ चर्चच सजविले असे नव्हे, तर व्हिला बेथानिया नावाचे प्रशस्त घर, बाग आणि ग्रंथालयासाठी तूर मॅग्डाला नावाचा मनोरा बांधला. ग्रामपाद्र्याच्या तुटपुंज्या वेतनात हे सारे होणे अशक्य होते. साहजिकच वरिष्ठांनी चौकशी केली. कार्कासॉनच्या बिशपने १९०९ पासून त्याच्यामागे तगादा लावला, धर्मपीठापुढे खटला झाला आणि १९११ मध्ये सोनिएरवर निलंबनाची शिक्षा झाली. १९१७ च्या जानेवारीत तो मरण पावला. मालमत्ता त्याची विश्वासू गृहव्यवस्थापिका मारी देनार्नो हिच्या नावे होती. ती १९५३ मध्ये निवर्तली.

पैसा आला कोठून, या प्रश्नाचे उत्तर धर्मपीठाच्या कागदपत्रांत आहे आणि ते नीरस आहे. मृतांच्या आत्म्यास शांती लाभावी म्हणून भाविक लोक पाद्र्यास दक्षिणा देऊन मिसा म्हणवून घेत. सोनिएरने पत्रे पाठवून व धार्मिक नियतकालिकांचा आधार घेऊन देशभरातून अशा दक्षिणा जमविल्या. त्याच्या स्वतःच्या वह्यांत त्यांच्या नोंदी आहेत. एका पाद्र्याने एका आयुष्यात म्हणणे शक्य नव्हते इतक्या मिसांचे पैसे त्याने घेतले. यालाच धर्मशास्त्राच्या परिभाषेत मिसांचा व्यापार म्हणतात आणि आरोपही तोच होता. याखेरीज काही धनिक राजपक्षीयांच्या देणग्या होत्या. बांधकामाचा त्याने स्वतः दाखविलेला खर्च सुमारे १ लाख ९३ हजार फ्रँकांचा होता. रक्कम मोठी खरी, पण गावोगावच्या भाविकांच्या लहान लहान मनीऑर्डरींतून ती उभी राहणे अशक्य नव्हते.

गुप्तधनाची कथा यानंतरची आहे. देनार्नोकडून मालमत्ता नोएल कॉर्ब्यू नामक गृहस्थाकडे आली आणि १९५५ मध्ये त्याने तेथे हॉटेल काढले. आडवळणाच्या गावात गिऱ्हाईक यावे कसे? १९५६ च्या जानेवारीत ‘ला देपेश द्यु मिदी’ या वृत्तपत्रात कॉर्ब्यूच्या तोंडची हकीकत लेखमालेच्या रूपाने आली. पाद्र्यास चर्चच्या खांबात चर्मपत्रे सापडली, त्यांवरून त्याने तेराव्या शतकातील राणी ब्लांश दि कास्तील हिने लपविलेला खजिना हस्तगत केला, असा तिचा आशय होता. कोट्यधीश पाद्र्याची ही कथा वाचून कुदळी-फावडी घेऊन लोक येऊ लागले. त्यांचा उपद्रव इतका झाला की १९६५ मध्ये नगरपालिकेस उत्खननावर बंदी घालावी लागली.

कॉर्ब्यूच्या कथेला पांडित्याचा पेहराव चढविला तो पिएर प्लांतार याने. युद्धकाळात राष्ट्रवादी व ज्यूविरोधी वळणाच्या लहानशा संघटना चालविणाऱ्या या गृहस्थाने १९५६ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीमेजवळ ‘प्रियरी ऑफ सायन’ नावाची संस्था नोंदविली. पुढे तिला धर्मयुद्धांच्या काळापर्यंतची वंशावळ चिकटविली आणि आपण स्वतः मेरोव्हिंजियन राजवंशाचा वारस असल्याचे सूचित केले. त्याचा सहकारी फिलिप द शेरिसे याने दोन ‘प्राचीन’ चर्मपत्रे रचली. ‘दोसिए सेक्रे’ म्हणून ओळखली जाणारी टाचणे १९६७ मध्ये पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ठेवली गेली. खोटा कागद घरी ठेवला तर तो कागदच राहतो; राष्ट्रीय ग्रंथालयात ठेवला की त्याला क्रमांक मिळतो आणि तळटीपेत त्याचा उल्लेख करता येतो, ही त्यातील युक्ती होती. त्याच वर्षी जेरार द सेद याचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला व त्यात ती चर्मपत्रे छापली गेली.

हेन्री लिंकन या कथेत येतात ते या टप्प्यावर. व्यवसायाने ते नट व दूरचित्रवाणीचे संहितालेखक होते. १९६९ मध्ये फ्रान्समध्ये सुटी घालवीत असता द सेदच्या पुस्तकाची स्वस्त आवृत्ती त्यांच्या हाती पडली. छापलेल्या लहान चर्मपत्रातील काही अक्षरे इतरांहून किंचित वर काढलेली आहेत असे त्यांच्या ध्यानी आले. ती क्रमाने वाचली असता फ्रेंच भाषेत एक वाक्य निघाले : हा खजिना राजा दागोबेर दुसरा याचा व सायनचा आहे, अशा आशयाचे. एवढा सोपा संकेत लेखकाच्या नजरेतून सुटला असेल काय, हा रास्त प्रश्न त्यांना पडला. पुढे भेटीत त्यांनी द सेदला तो विचारलाही. आपल्यासारख्या कोणास तो स्वतः शोधून काढणे आवडेल असे वाटले, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले. लिंकन यांनीच हे लिहून ठेवले आहे. खरे म्हणजे शोध येथेच थांबावयास हवा होता. ज्या साधनाचा पुरवठादार ‘तुमच्यासाठी ठेवले होते’ असे म्हणतो, त्या साधनाची उत्पत्ती तपासल्यावाचून पुढे पाऊल टाकणे धोक्याचे असते. तथापि स्वतः उकललेल्या कोड्याचे ममत्व बळकट असते, आणि येथे ते एका दूरचित्रवाणी मालिकेच्या गरजेशी जुळून आले.

बी. बी. सी.च्या ‘क्रॉनिकल’ या पुरातत्त्व व इतिहासविषयक मालिकेत १९७२ साली पहिला अनुबोधपट आला. त्याचे नाव ‘जेरुसलेमचा हरवलेला खजिना?’ या अर्थाचे असून नावात प्रश्नचिन्ह होते. पटाची बांधणी कुशल होती. इ. स. ७० मध्ये टायटसने जेरुसलेमचे मंदिर लुटले, ही गोष्ट ऐतिहासिक आहे. रोममधील टायटसच्या कमानीवर सप्तदीपाचे शिल्प आजही दिसते. इ. स. ४१० मध्ये व्हिसिगॉथांनी रोम लुटले, हेही ऐतिहासिक आहे. व्हिसिगॉथांच्या कार्कासॉन येथील धनाविषयी प्रोकोपिअसने लिहिले आहे. रेन-ल-शातो हे व्हिसिगॉथांच्या मुलखात होते. अशा चार दृढ कड्यांनंतर पाचवी कडी, म्हणजे तो खजिना सोनिएरला सापडला असावा, ही अलगद जोडली जाते. ग्रंथात ही जोडणी करताना लेखकाला ‘कदाचित’ लिहावे लागते आणि वाचक त्या शब्दावर थबकू शकतो. पडद्यावर मात्र कमानीवरील शिल्पानंतर लगेच डोंगरावरील मनोरा दिसतो. दृश्यांच्या निव्वळ सान्निध्याने कार्यकारणाचा भास उत्पन्न होतो आणि कोणतेही विधान न करता विधान केल्याचा परिणाम साधतो. आपल्याकडे पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले असता त्यास भूमिगत धन दिसते अशी समजूत होती. कॅमेऱ्याचे भिंग येथे त्या अंजनाचे काम करते. फरक इतकाच की, ते एकट्या पायाळूला न दाखविता सर्वच प्रेक्षकांना दाखविते.

दुसरा अनुबोधपट १९७४ चा. पाद्री, चित्रकार आणि सैतान असे त्याच्या नावातील तिघे नायक. चर्चच्या दाराशी तीर्थपात्राखाली दबलेली राक्षसाची भडक मूर्ती आणि प्रवेशद्वारावरील, हे स्थान भयंकर आहे अशा अर्थाचे लॅटिन वचन, ही दोन दृश्ये त्याने जगप्रसिद्ध केली. वस्तुतः मूर्ती तुलूझच्या एका मूर्तिकारखान्यातून आणविलेल्या सामानापैकी होत्या. ते वचन बायबलच्या उत्पत्तिपर्वातील, याकोबाच्या स्वप्नाच्या प्रसंगातील आहे आणि चर्चच्या प्रतिष्ठापनेच्या उपासनाविधीत ते नेमाने येते. ‘भयंकर’ या शब्दाचा तेथील अर्थ आदरयुक्त धाक असा आहे. एखाद्या कॅथलिक सेमिनरीतील विद्यार्थ्यास जे पाठ असते, ते पडद्यावर अघोर रहस्याचे चिन्ह ठरले.

चित्रकाराचा प्रवेश मोठ्या चर्मपत्राच्या द्वारे झाला. त्यातील गूढलिपी भलतीच क्लिष्ट होती. व्हिजनेर पद्धतीने अक्षरे बदलावयाची, मग बुद्धिबळाच्या दोन पटांवर ती मांडून घोड्याच्या चालीने वाचावयाची, तेव्हा पूसँ व टेनिए या चित्रकारांकडे किल्ली आहे असे सांगणारा, निळ्या सफरचंदांनी संपणारा एक असंबद्ध मजकूर निघतो. त्याची १२८ अक्षरे ही एका सरदारपत्नीच्या थडग्यावरील म्हणून सांगितलेल्या लेखातील अक्षरांची नुसती अदलाबदल आहे. त्यात ‘पीएस प्राईकम’ या शब्दांची नऊ अक्षरे मिळविली की हिशेब पुरा होतो. दोन पटांची घरे मिळून १२८ होतात, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. मजकूर आधी ठरवून मग त्याभोवती संकेत विणला, हे यावरून उघड होते. मजकुराची असंबद्धताही त्यामुळेच आली. हाताशी असलेली अक्षरे संपवावयाची असतील तर अर्थाला मुरड घालावीच लागते. ही उकल लिंकन यांनी केली नाही. ती त्यांना द सेदकडूनच पुरविली गेली.

निकोला पूसँ याचे ‘आर्केडियातील मेंढपाळ’ हे चित्र १६३० च्या दशकाच्या अखेरीचे असून लूव्र संग्रहालयात आहे. तीन मेंढपाळ व एक स्त्री एका थडग्यावरील लॅटिन लेख पाहत आहेत, असा त्याचा विषय. आर्क गावाजवळ रस्त्याच्या कडेस तशाच आकाराचे थडगे होते. द सेदने त्याचे छायाचित्र लिंकन यांस दिले आणि अनुबोधपटात चित्र व थडगे शेजारी शेजारी दाखविले गेले. परिणाम विलक्षण झाला. परंतु ते थडगे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एका खाजगी कुटुंबाने बांधविलेले होते. त्याच जागी पूर्वी तसेच दुसरे असावे, हे अनुमान त्यास वाचविण्यासाठी मागाहून आले. पाहणाऱ्यांच्या व खणणाऱ्यांच्या त्रासाला कंटाळून १९८८ मध्ये जमीनमालकाने ते पाडून टाकले.

याच पटात भूमितीचा प्रवेश झाला. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधील प्राध्यापक क्रिस्तोफर कॉर्नफर्ड यांना लिंकन यांनी पूसँच्या चित्राची रचना तपासावयास सांगितले. कॉर्नफर्ड हे जाणकार कलाशिक्षक होते. त्यांना चित्राच्या मांडणीत पंचकोनाची भूमिती, म्हणजेच सुवर्णगुणोत्तर, आढळली. मात्र त्या पंचकोनाचा काही भाग चित्राच्या चौकटीबाहेर जात होता. आकृती चौकटीत मावत नसेल तर आकृतीविषयी शंका घ्यावी, हा एक मार्ग. लिंकन यांनी दुसरा घेतला. आकृती चौकटीबाहेर जाते, याचा अर्थ चित्रकार बाहेरच्या भूप्रदेशाकडे बोट दाखवीत आहे, असे त्यांनी मानले. येथे एक साधी गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. चित्राचे माप ८५ गुणिले १२१ सेंटिमीटर, म्हणजे बाजूंचे प्रमाण १ : १.४२ इतके आहे. ते २ च्या वर्गमुळाजवळचे आहे. सुवर्णगुणोत्तर १ : १.६१८ असते. यावरून पूसँने आत पंचकोन वापरलाच नाही असे सिद्ध होत नाही. परंतु हात, काठ्या, घड्या, थडग्याच्या कडा अशा डझनावारी रेषा असलेल्या चित्रावर कोणतीही एक नियमित आकृती ठेवली तर तिच्या काही बाजू काही रेषांशी जुळणारच. किती जुळल्या याबरोबर किती जुळल्या नाहीत हे मोजल्याखेरीज त्या जुळणीला किंमत देता येत नाही. चित्रपटात न जुळलेल्या रेषा आखून दाखविण्याची प्रथा नाही.

कार्कासॉनच्या नगर ग्रंथालयाचे प्रमुख रने देकादेयास यांनी या खजिन्याच्या दंतकथेची साधार चिकित्सा करणारा ग्रंथ याच १९७४ साली प्रसिद्ध केला. स्थानिक दप्तरे, धर्मपीठाचे कागद, मालमत्तेचे व्यवहार हे सर्व त्यांनी पाहिले होते. तो ग्रंथ एका प्रांतिक विद्वत्सभेच्या प्रकाशनांत निघाला आणि अभ्यासकांच्या लहान वर्तुळातच राहिला. अनुबोधपट मात्र ब्रिटनमध्ये घरोघर पोचला. आपल्या विषयाच्या दृष्टीने या दोन घटनांचा समकाल फार बोलका आहे. पुरावा उपलब्ध नव्हता म्हणून रहस्य वाढले, असे म्हणता येत नाही.

तिसरा अनुबोधपट १९७९ चा. आता खजिना बाजूस पडला आणि टेंपलर सरदार, प्रियरी व मेरोव्हिंजियन वंश पुढे आले. प्लांतार स्वतः कॅमेऱ्यासमोर गंभीर मुद्रेने बसलेला दिसतो. सायनच्या नावाखाली त्याने जे वीस वर्षे जमविण्याचा प्रयत्न केला होता, ती प्रतिष्ठा त्यास एका मान्यवर संस्थेच्या पडद्यावर लाभली. लिंकन यांनी जाणूनबुजून कोणास फसविले असे म्हणण्यास आधार नाही. ते स्वतःच फसले होते. पण चौकशी करणाराच भारावलेला असला म्हणजे मुलाखत साक्ष राहत नाही, ती राज्याभिषेक होते. पुढे १९८२ मध्ये लिंकन, मायकेल बेजंट व रिचर्ड ली यांचा जगभर खपलेला ग्रंथ आला. त्यात येशूचा वंश मेरोव्हिंजियन राजांपर्यंत आणून भिडविला होता. २००३ मध्ये डॅन ब्राउनच्या कादंबरीने तोच धागा उचलला.

कागदपत्रांचा डोलारा मात्र याच सुमारास ढासळू लागला होता. शेरिसेने चर्मपत्रे आपण रचली हे लेखी मान्य केले होते. द सेदनेच १९८८ मध्ये या प्रकरणातील बनावाविषयी ग्रंथ लिहिला. प्लांतारची न्यायाधीशापुढे चौकशी १९९३ मध्ये झाली आणि त्याचे दावे विरून गेले. १९९६ मध्ये तर बी. बी. सी.नेच ‘टाइमवॉच’ या मालिकेत ‘एका रहस्याचा इतिहास’ या आशयाच्या नावाचा अनुबोधपट काढून सर्व प्रकरणाची फेरतपासणी केली. एकाच संस्थेने दोन तपांनंतर आपलेच पूर्वीचे प्रतिपादन खोडावे, ही गोष्ट तिला भूषणावहच आहे. परंतु त्या पटाची आठवण आज किती जणांस आहे?

अशा स्थितीत लिंकन यांनी भूमितीचा आश्रय घेतला. सोनिएर, चर्मपत्रे, प्रियरी यांविषयी काहीही निश्चित म्हणता येत नाही. परंतु नकाशावरील अंतरे व कोन कोणीही मोजून पाहावेत, अशी त्यांची भूमिका झाली. १९९१ च्या त्यांच्या ग्रंथात ती विस्ताराने आली आहे. रेन-ल-शातो, ब्लांशफोर्चा किल्ला व बेझ्यूचा किल्ला ही तीन स्थाने मिळून शिखराशी ३६ अंशांचा समद्विभुज त्रिकोण होतो. ला सुलान व सेर द लोझे ही डोंगरांवरील दोन उंच स्थाने घेतली की पाच टोकांची तारका पुरी होते. तिच्या मध्याजवळ ला पीक नावाची टेकडी येते. डोंगर माणसाने रचले असे लिंकन म्हणत नाहीत, हे त्यांच्याविषयी न्यायाने सांगितले पाहिजे. निसर्गात अकस्मात जमलेली ही आकृती प्राचीनांनी ओळखली, तिला पवित्र मानले आणि तिच्या अनुरोधाने चर्चे व किल्ले बांधले, असा त्यांचा पक्ष आहे. २००० मध्ये डॅनिश लेखक एरलिंग हागेन्सेन यांच्यासह त्यांनी बाल्टिक समुद्रातील बोर्नहोल्म बेटावरील चर्चांच्या बाबतीतही असाच पक्ष मांडला.

या पक्षाचे आकर्षण अभ्यासकांनी कमी लेखू नये. दस्तऐवज बनावट असू शकतो, साक्षीदार खोटे बोलू शकतो. कोन खोटे बोलत नाही. ते खरेच आहे. पण कोन स्वतःची निवडही करीत नाही. कोणते बिंदू घ्यावयाचे, किती चूक चालवून घ्यावयाची आणि कोणती आकृती शोधावयाची, हे तीन निर्णय मोजणाऱ्याचे असतात आणि ते मोजण्यापूर्वी झालेले नसले तर मोजणीतून काहीच सिद्ध होत नाही.

एक स्थूल हिशेब मांडून पाहू. १० किलोमीटर बाजूचा चौरस प्रदेश घ्या आणि त्यात चर्च, किल्ला, शिखर, क्रूस अशी ५० स्थाने यदृच्छेने विखुरलेली आहेत असे समजा. डोंगराळ प्रदेशात ही संख्या मुळीच मोठी नाही. ५० बिंदूंतून १९,६०० त्रिकोण होतात. आता ३ ते ५ किलोमीटर अंतरावरच्या जोड्याच पाया म्हणून घेऊ. एकूण १,२२५ जोड्यांपैकी अशा तीनशेहून काहीशा अधिक निघतात, आपण ३०० धरू. पाया ४ किलोमीटरचा असेल तर ३६ अंशांच्या त्रिकोणाचे शिखर पायाच्या टोकांपासून सुमारे साडेसहा किलोमीटरवर येईल. पायाच्या प्रत्येक कोनात एक अंशाची चूक इकडे-तिकडे चालवून घेतली, तर त्या अंतरावर ती सुमारे ११३ मीटरांची होते आणि शिखर जेथे पडलेले चालेल तो ठिपका ०.०९ चौरस किलोमीटरहून थोडा कमी असतो. पायाच्या दोन्ही अंगांचे दोन ठिपके मिळून ०.१७ होतात. यांपैकी दोन तृतीयांश चौरसाच्या बाहेर पडतात असे मानून ०.०५८ घेऊ. उरलेल्या ४८ बिंदूंपैकी कोणताही एक त्यात पडण्याची संभाव्यता ०.०००५८. तीनशे जोड्या, अठ्ठेचाळीस बिंदू, हा गुणाकार केला की उत्तर ८ च्या आसपास येते. म्हणजे कोणाचाही हेतू नसताना, केवळ यदृच्छेने, अशा प्रदेशात एकाच आकारमानाचे सुमारे आठ ‘सुवर्ण’ त्रिकोण मिळावयास हवेत. एक मिळाला म्हणजे आश्चर्य नव्हे. एकही न मिळता तर विचार करावा लागला असता.

उरलेल्या दोन टोकांचे काय? ती किल्ले वा चर्चे नसून डोंगरांवरील जागा आहेत, आणि डोंगराला एक बिंदू नसतो. माथा शेकडो मीटर पसरलेला असतो. त्यावरील कोणता दगड धरावयाचा हे आकृतीच ठरवू लागली की तपासणी उलटी झाली. शिवाय त्रिकोण जमला नसता तर चौरस, षट्कोन, वर्तुळ, सरळ रेषा यांचे पर्याय खुलेच होते. बोर्नहोल्मवर घेतलेला आकृत्यांचा आधार पाहिला की ही मुभा किती मोठी आहे हे ध्यानात येते.

हा प्रश्न संख्याशास्त्रज्ञांनी गंभीरपणे हाताळला आहे, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्यांस सहसा ठाऊक नसते. इंग्लंडात आल्फ्रेड वॉटकिन्स याने १९२५ च्या ग्रंथात प्राचीन स्थाने सरळ रेषांत बसविलेली आहेत असा सिद्धान्त मांडला होता. त्यातील तथ्य पाहण्यासाठी १९८० मध्ये सायमन ब्रॉडबेंट यांनी, तसेच डेव्हिड केंडल व विल्फ्रिड केंडल यांनी, कॉर्नवॉलच्या टोकाशी असलेल्या ५२ उभ्या शिळांचा विचार केला. त्यांची पद्धत आपल्या विषयात जशीच्या तशी घेता येते. आधी स्थानांची यादी गोठवावयाची, चुकीची मर्यादा ठरवावयाची, यदृच्छेने किती जुळण्या अपेक्षित आहेत ते काढावयाचे आणि मगच प्रत्यक्ष संख्या तिच्याशी ताडून पाहावयाची. डेव्हिड केंडल यांचे आकारांच्या संख्याशास्त्रावरील पुढील महत्त्वाचे काम याच प्रश्नाच्या अनुषंगाने वाढले. भाबड्या सिद्धान्तातून उत्तम गणित निघाल्याचे हे एक सुरस उदाहरण आहे.

आता पडद्याकडे पुन्हा वळू. हा हिशेब अनुबोधपटात दाखविता आला नसता काय? आला असता, पण माध्यमाची प्रकृती त्याच्या आड येते. त्या काळच्या ६२५ रेषांच्या दूरचित्रवाणीत सुमारे ५७५ रेषा प्रत्यक्ष दिसत. १५ किलोमीटरचा प्रदेश पडद्याच्या उंचीत बसविला तर प्रत्येक रेषेस सुमारे २६ मीटर येतात. नकाशावर आखलेली रेघ डोळ्यांस नीट दिसावी म्हणून चार रेषांइतकी जाड ठेवली की ती शंभर मीटरांहून रुंद झाली. ती चर्चवरून जाते की चर्चच्या शेजारच्या शेतातून, हे पडद्यावर कळणे शक्यच नाही. निवेदकाचा हात पट्टी ठेवतो, रेघ सरकते, दुसऱ्या बिंदूस जाऊन भिडते आणि प्रेक्षकाला आपण मोजणी डोळ्यांनी पाहिली असे वाटते. पाहिलेली असते ती केवळ रेघ. ज्या बिंदूंना ती भिडली नाही ते नकाशावर मुळात उठविलेलेच नसतात. छापील ग्रंथातील आकृतीवर वाचक स्वतःची पट्टी ठेवू शकतो. पडद्यावरील आकृती चार सेकंदांत निघून जाते. आज दृश्य थांबवून पाहता येते, उपग्रहचित्रांवरून निर्देशांक घेता येतात आणि बिंदूंची यादी करून संगणकाकडून दहा हजार यदृच्छ मांडण्या करवून घेता येतात. त्यामुळे अशा पटांची तपासणी हा पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातला प्रबंधविषय झाला आहे. मात्र यादी दुसऱ्याने करावी आणि ती करणाऱ्यास कोणती आकृती शोधावयाची आहे ते सांगू नये, एवढे पथ्य पाळले पाहिजे.

चर्चमधील तो पोकळ म्हणून गाजलेला खांबही असाच पाहावा. तो आजही गावात जपून ठेवलेला आहे. त्यावर कोरलेला क्रूस सोनिएरनेच उलटा बसविला आणि त्याखाली १८९१ हा सन घातला. खांबाच्या माथ्यावर जी खाच आहे ती इतकी लहान आहे की चर्मपत्रांच्या गुंडाळ्या तीत ठेवावयाच्या कशा, हा प्रश्न पाहताक्षणी पडावा. अनुबोधपटांतून खांब दिसला, पण खाचेचे माप कोणी दाखविले नाही. खुद्द सोनिएरची कबर २००४ मध्ये, खणणाऱ्यांच्या भीतीने, गावच्या दफनभूमीतून हलवावी लागली.

सोनिएरच्या वह्या मात्र शिल्लक आहेत. मिसांसाठी आलेल्या दक्षिणांच्या त्या नोंदींत कोणी किती पाठविले याची रोजची टिपणे आहेत. तिसऱ्या प्रजासत्ताकाच्या काळात, राज्यसंस्था व चर्च यांचा १९०५ मध्ये अधिकृत काडीमोड होत असताना, फ्रान्समधील सामान्य भाविक आपल्या मृतांसाठी दूरच्या एका अनोळखी पाद्र्यास पैसे का पाठवीत होते, याचे एवढे तपशीलवार साधन सहसा मिळत नाही. त्या नोंदींवर संख्यात्मक काम व्हावयास पुष्कळ वाव आहे आणि त्यासाठी पंचकोनाची गरज नाही.